आधी पत्रिका, मग उमेदवार: कॅलिफोर्नियाच्या प्रायमरीचं टपाली मतदान आणि मत ठरवायची साधनं

भारतात तिकीट कुणाला द्यायचं हे पक्षश्रेष्ठी ठरवतात. यादी जाहीर होते, नाराज मंडळी बंडखोरी करतात, आणि समोर उरलेल्या नावांपैकी एकावर आपण बटण दाबतो. अमेरिकेत हे तिकीटवाटपसुद्धा मतदारांकडे असतं, आणि त्यासाठी जे मतदान होतं ती प्रायमरी. आपली माणसं इथे नागरिकत्वाची शपथ घेतात तेव्हा नोव्हेंबरचं मतदान त्यांना लगेच उमगतं. मार्चमधल्या या पहिल्या मतदानाशी मात्र त्यांची ओळखच नसते. कुणी ते सोडून देतात, कुणी पाकीट न उघडता कपाटात ठेवतात. मला याचं फार वाईट वाटतं, कारण खरी निवड तिथे असते. नोव्हेंबरमध्ये बहुतेकांसमोर दोनच नावं उरतात.

मी कॅलिफोर्नियातल्या बे एरियात राहते, हिशेबाचं काम करते, आणि २०१७ साली नागरिक झाले. २०२० आणि २०२४ या दोन्ही प्रायमरींत मी टपाली मतपत्रिकेवर मत दिलं. मी डेमोक्रॅटिक पक्षाची पत्रिका घेते, नवरा नोंदणीकृत रिपब्लिकन आहे, त्यामुळे दोन्ही पत्रिका घरातल्या एकाच टेबलावर पाहायला मिळतात. आपण भांडी घेताना, गाडी घेताना दहा परीक्षणं वाचतो. मतदानाच्या या सोयीबद्दल आणि मत ठरवायला मदत करणाऱ्या साधनांबद्दल मराठीत कुणी फारसं लिहीत नाही, म्हणून हे लिहिते आहे.

आधी सोय कशी आहे ते सांगते. मतदानाच्या २९ दिवस आधीपासून मतपत्रिका टपालाने रवाना होतात. २०२२ पासून तर कॅलिफोर्नियातल्या प्रत्येक सक्रिय मतदाराला ती घरपोच येते, मागावी लागत नाही. पाकिटात जाड कागदाची लांबलचक पत्रिका, सूचनांचा कागद, ‘मी मत दिलं’ असा छोटा स्टिकर आणि परतीचं पाकीट असतं. परतीच्या पाकिटाला तिकीट लावायचं नसतं, टपालखर्च भरलेला असतो. नावासमोरची खूण निळ्या किंवा काळ्या शाईने भरायची, पत्रिका पाकिटात घालायची, पाकिटावर बाहेरच्या बाजूला सही आणि तारीख घालायची, की झालं.

ती सही महत्त्वाची आहे. मतपत्रिकेवर आपलं नाव कुठेही नसतं, ओळख पटते ती पाकिटावरच्या सहीवरून. ही सही नोंदणीच्या वेळच्या किंवा ड्रायव्हिंग लायसन्सवरच्या सहीशी ताडून बघतात. आपल्यातले बरेच जण भारतातल्या बँकेसाठी एक सही ठेवतात आणि इथे दुसरी करतात, काही जण अजून देवनागरीत सही करतात. देवनागरीतली सही चालते, फक्त तुमच्या नोंदीतली सही तीच हवी. जुळली नाही तर मत लगेच बाद होत नाही. कार्यालयाकडून पत्र येतं, पुन्हा सही करून पाठवण्याची मुदत मिळते. ते पत्र टाकून देऊ नका, एवढंच.

पाकीट टपालात टाकता येतं किंवा रस्त्याकडेच्या अधिकृत पेटीत. मी पेटीच वापरते. २०२४ च्या प्रायमरीत मतदानाच्या दिवसापर्यंतचा शिक्का असलेलं आणि सात दिवसांत पोचलेलं पाकीट धरलं जात होतं, पण संध्याकाळी टाकलेल्या पाकिटावर शिक्का कोणत्या तारखेचा पडेल हे आपल्या हातात नसतं. मतदानाच्या दिवशी रात्री आठच्या आत पेटीत पडलेलं पाकीट मात्र बिनघोर. ‘व्हेअर्स माय बॅलट’ या राज्याच्या सोयीत नाव नोंदवलं की फोनवर संदेश येतात: पत्रिका निघाली, पाकीट मिळालं, मत मोजलं गेलं. शेवटचा संदेश आला की मला दरवेळी समाधान वाटतं. या सगळ्या भागाला मी पाचपैकी पाच तारे देते, आणि ते मनापासून देते.

आता अडचणीची जागा. सगळ्यांच्या पाकिटात एकच पत्रिका नसते.

आमच्या ओळखीच्या एक काकू आहेत, नाशिकच्या, मुलाकडे राहायला आल्या आणि सत्तरीच्या आसपास नागरिक झाल्या. नोंदणीच्या फॉर्मवर पक्ष विचारला तेव्हा त्या मला म्हणाल्या, “सरकारी कागदावर पक्ष कशाला लिहायचा गं? आपलं मत आपल्या मनात.” आपल्या सवयीप्रमाणे ते अगदी बरोबर आहे. भारतात मतदारयादीत कुणाच्या नावापुढे पक्ष नसतो. त्यांनी ‘नो पार्टी प्रेफरन्स’, म्हणजे कुठल्याही पक्षाला पसंती नाही, यावर खूण केली. पुढे प्रायमरीच्या आधी त्यांना एक पोस्टकार्ड आलं: तुम्ही पक्षाबाहेरच्या मतदार आहात, राष्ट्राध्यक्षपदासाठी अमुक पक्षांपैकी कुणाची पत्रिका हवी असेल तर कळवा. त्या दिवसांत टपालपेटीत प्रचाराच्या चकचकीत कागदांचा इतका ढीग येतो की ते कार्डही त्यातच गेलं. मग पत्रिका आली. काकूंनी चष्मा लावून ती वरपासून खालपर्यंत वाचली आणि मला फोन केला, “अगं, यात राष्ट्राध्यक्षच नाहीये!”

नव्हताच. पोस्टकार्डाचं उत्तर दिलं नाही तर पक्षाबाहेरच्या मतदाराला राष्ट्राध्यक्षपदाचा रकाना नसलेली पत्रिका येते. २०२० आणि २०२४ दोन्ही वेळा डेमोक्रॅटिक, लिबर्टेरियन आणि अमेरिकन इंडिपेंडंट हे तीन पक्ष बाहेरच्यांना आपली पत्रिका देत होते. रिपब्लिकन, ग्रीन आणि पीस अँड फ्रीडम हे पक्ष देत नव्हते, त्यांच्या प्रायमरीत मत द्यायचं तर त्या पक्षात नाव नोंदवावंच लागतं. हे नियम राज्याचे नाहीत, ज्या त्या पक्षाने ठरवलेले आहेत. म्हणून दर चार वर्षांनी ते पुन्हा बघावेत.

काकूंना घेऊन मी मतदान केंद्रावर गेले. आलेली पत्रिका परत केली, तिथल्या मुलाने ती रद्द केली आणि त्यांना हवी ती छापून दिली. त्याने काकूंना दोनदा शांतपणे समजावलं, जराही घाई केली नाही. ज्या काउंटींमध्ये, म्हणजे इथल्या जिल्ह्यांमध्ये, अशी मतदान केंद्रं आहेत तिथे त्यातली काही दहा दिवस आधीच उघडतात, काउंटीतल्या कुठल्याही केंद्रावर गेलं तरी चालतं, आणि पक्ष बदलायचा असेल तर तोही तिथेच बदलता येतो. तिथे काम करणाऱ्या माणसांना माझ्याकडून पूर्ण गुण. पण ज्या नियमामुळे काकूंना तिथे जावं लागलं, त्याला मी दोनच तारे देईन. नवीन नागरिकांत पक्ष न लिहिणारे पुष्कळ असतात. त्यांच्यासाठी अध्यक्षपदाचं मत एका पोस्टकार्डावर टांगलेलं असावं, हे मला पटत नाही.

त्याच फॉर्मवर आणखी एक खड्डा आहे. अमेरिकन इंडिपेंडंट हे एका पक्षाचं नाव आहे. १९६८ साली वांशिक विभाजनाचे समर्थक जॉर्ज वॉलेस अध्यक्षपदासाठी उभे राहिले ते या पक्षाकडून. ‘इंडिपेंडंट’ म्हणजे अपक्ष असं समजून लोक त्यावर खूण करतात. २०१६ साली लॉस एंजलिस टाइम्सने या पक्षाच्या सदस्यांची पाहणी केली, तर जवळजवळ चारांतल्या तिघांना आपण त्या पक्षात आहोत हेच माहीत नव्हतं. आपली नोंद कुठे आहे ते राज्याच्या संकेतस्थळावर दोन मिनिटांत दिसतं. जानेवारीतच बघून ठेवा.

आणि जे अजून नागरिक नाहीत त्यांच्यासाठी कळकळीने एक. कॅलिफोर्नियात डीएमव्हीमध्ये, म्हणजे वाहन परवाना कार्यालयात, लायसन्सचं काम करताना मतदार नोंदणीही त्यातच होते. ग्रीनकार्ड किंवा व्हिसावर असाल तर तिथला नागरिकत्वाचा प्रश्न नीट वाचून उत्तर द्या. चुकून झालेली नोंदणीसुद्धा पुढे नागरिकत्वाच्या अर्जात फार महागात पडू शकते. ग्रीनकार्डधारकाला उमेदवाराला देणगी देता येते, मत देता येत नाही.

पत्रिका हातात आली. आता मत कुणाला?

२०२० ची डेमोक्रॅटिक पत्रिका माझ्यासमोर होती तेव्हा त्यावरची नावं बघून कुणीही गोंधळलं असतं. कोरी बुकर जानेवारीतच बाहेर पडले होते, तरी त्यांचं नाव छापलेलं होतं, कारण यादी डिसेंबरमध्ये पक्की होते. कमला हॅरिस यांनी ३ डिसेंबर २०१९ लाच माघार घेतली, म्हणून त्यांचं नाव नव्हतं. २०२४ च्या नवऱ्याच्या पत्रिकेवरही तेच: विवेक रामस्वामी आणि रॉन डिसँटिस दोघेही जानेवारीत बाजूला झालेले, दोघांची नावं मात्र जागेवर. कोण अजून रिंगणात आहे हे पत्रिका सांगत नाही. राज्याकडून येणारी मतदार माहिती पुस्तिका, पत्रिकेवर थेट मतदानाला ठेवलेल्या प्रस्तावांच्या बाबतीत उत्तम आहे. बाजूचे मुद्दे, विरोधातले मुद्दे, खर्चाचा अंदाज, सगळं व्यवस्थित मिळतं, आणि ती हिंदीतही मागवता येते. काकूंसाठी आम्ही तीच मागवली. पण राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारांबद्दल त्या पुस्तिकेतून फारसं काही हाती लागत नाही. ते काम दुसरीकडे जाऊनच करावं लागतं.

लोक पहिल्यांदा वळतात ते प्रश्नावलींकडे. वीस-तीस प्रश्नांची उत्तरं द्या, तुमचे विचार कुणाशी किती जुळतात ते टक्क्यांत कळेल, अशा बऱ्याच प्रश्नावली दर निवडणुकीत येतात. मी त्या मन लावून सोडवल्या आहेत. नोव्हेंबरसाठी त्या ठीक आहेत. प्रायमरीसाठी त्यांचा उपयोग मला फार कमी वाटतो, आणि त्याचं कारण सरळ आहे. एकाच पक्षाचे उमेदवार बहुतेक प्रश्नांवर एकाच बाजूला असतात. माझ्या यादीतल्या पहिल्या चार-पाच नावांत दोन-तीन टक्क्यांचा फरक होता. आरोग्यविमा सर्वांना हवा का, याला सगळ्यांचं उत्तर हो. सरकारी विमा सगळ्यांना सक्तीचा करायचा की खासगी विम्याच्या जोडीला ठेवायचा, आणि पैसा कुठून आणायचा, खरा फरक तिथे होता. प्रश्नावलीच्या हो-नाही उत्तरात तो मावत नाही. शिवाय हा माणूस काम करवून घेऊ शकतो का, हे कुठलीच प्रश्नावली विचारत नाही. दोन तारे.

मला सगळ्यात उपयोगी पडलं ते काँग्रेसचं, म्हणजे अमेरिकेच्या संसदेचं, सरकारी संकेतस्थळ, काँग्रेस डॉट गव्ह. दिसायला रुक्ष आहे, पण उमेदवार आजी-माजी सिनेटर किंवा प्रतिनिधी असेल तर त्याने कुठली विधेयकं मांडली, कशावर सही केली, हे सगळं तिथे आहे. उदाहरण देते. माझा भाचा ग्रीनकार्डच्या रांगेत आहे. एका देशाच्या लोकांना रोजगारावर आधारित ग्रीनकार्डांपैकी ढोबळमानाने सात टक्क्यांहून जास्त मिळू नयेत, या मर्यादेमुळे भारतीयांची रांग किती लांबली आहे हे आपल्यातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. ही मर्यादा काढणारं विधेयक १० जुलै २०१९ रोजी प्रतिनिधिगृहात ३६५ विरुद्ध ६५ मतांनी संमत झालं. सिनेटमधलं तसंच विधेयक, एस ३८६, रिपब्लिकन माइक ली आणि डेमोक्रॅट कमला हॅरिस यांनी पुढे आणलं होतं. त्या पानावर सहपुरस्कर्त्यांची यादी असते, प्रत्येकाच्या नावापुढे सही केल्याची तारीख असते. भाषणात स्थलांतरितांविषयी चांगलं सगळेच बोलतात. त्या यादीत कोण आहे आणि कोण नाही, हे मी स्वतः वाचलं. दोन्ही पक्षांची नावं एका यादीत बघून माझे काही समजही बदलले. पुढे डिसेंबर २०२० मध्ये सिनेटने त्याचं बदललेलं रूप संमत केलं, पण दोन्ही सभागृहांचा मेळ बसण्याआधी मुदत संपली आणि विधेयक बारगळलं. महापौर, राज्यपाल किंवा उद्योगपती असलेल्या उमेदवारांसाठी मात्र हे साधन कामाचं नाही. तरीही साडेचार तारे.

उमेदवाराला पैसा कुठून येतो हे बघायला फेडरल इलेक्शन कमिशनचं, म्हणजे केंद्रीय निवडणूक आयोगाचं, संकेतस्थळ. दोनशे डॉलरच्या वर देणगी दिली की देणाऱ्याचं नाव, व्यवसाय आणि रक्कम तिथे येते. हिशेबाचं काम करणारीला हे वाचायला आवडणारच, पण तुम्हीही एकदा बघा. कुणाची मोहीम लहान लहान देणग्यांवर चालली आहे आणि कुणाची मोठ्या रकमांवर, हे आकडे बोलतात. २०२० मध्ये मायकेल ब्लूमबर्ग यांनी स्वतःच्या खिशातून पन्नास कोटी डॉलरहून जास्त खर्च केले, आमच्या टीव्हीवर दर जाहिरातीनंतर त्यांची जाहिरात असायची. सुपर ट्यूसडेला, म्हणजे एकाच मंगळवारी अनेक राज्यांत प्रायमरी होते त्या दिवशी, त्यांना जिंकता आलं ते फक्त अमेरिकन सामोआ, पॅसिफिकमधली छोटी बेटं.

आणि सी-स्पॅन ही वाहिनी. दोन मिनिटांच्या तुकड्यांऐवजी सबंध सभा बघायची. उमेदवार न्यू हॅम्पशायरमधल्या एखाद्या शाळेच्या सभागृहात तासभर उभा राहतो, लोक आडवेतिडवे प्रश्न विचारतात, आणि मध्ये वृत्तनिवेदक नसतो. वादविवादाच्या कार्यक्रमात प्रत्येकाला मिनिटभर मिळतं, त्यात तयार वाक्यं म्हणून वेळ निघून जाते. तासाभराच्या सभेत माणूस उघडा पडतो. पोळ्या करताना फोन समोर ठेवून मी अशा सभा ऐकल्या. एलिझाबेथ वॉरन यांना एकाने कर्जबाजारीपणाच्या कायद्यावर प्रश्न विचारला, आणि त्या जे बोलायला लागल्या ते माझ्या रोजच्या कामाशी थेट भिडणारं होतं. ग्राहकांना बँका आणि कर्ज कंपन्यांपासून संरक्षण देणाऱ्या सरकारी कार्यालयाची कल्पना त्यांनी २००७ साली प्राध्यापक असताना मांडली, २०१० च्या कायद्याने ते उभं राहिलं. एक कल्पना कागदावरून कार्यालयापर्यंत नेलेली बाई म्हणून त्या माझ्या मनात पक्क्या झाल्या. सी-स्पॅनला पाच तारे.

बॅलटपीडिया आणि लीग ऑफ विमेन व्होटर्स या संस्थेचं व्होट फोर वन वन या संकेतस्थळांचा उपयोग पत्रिकेच्या खालच्या भागासाठी जास्त होतो. लीग सगळ्या उमेदवारांना तेच प्रश्न पाठवते आणि त्यांची उत्तरं त्यांच्याच शब्दांत छापते, काटछाट नाही, शेरा नाही. न्यायाधीश, पर्यवेक्षक, शाळामंडळ अशा अनोळखी नावांसाठी हे वरदान आहे.

ज्याच्यापासून सावध राहायचं ते म्हणजे टपालाने येणारी ‘यांना मत द्या’ अशी यादी. वर एखाद्या लोकप्रिय नेत्याचं नाव, पक्षाच्या रंगासारखे रंग, बघणाऱ्याला वाटतं पक्षानेच पाठवली आहे. यादीतली नावं नीट बघा. काहींच्या पुढे बारीक तारका असते. ती तारका म्हणजे त्या उमेदवाराने तिथे नाव छापायला पैसे दिले आहेत. कायद्याने ती छापावी लागते, आणि खाली अगदी बारीक अक्षरांत तसं लिहिलेलंही असतं. काकूंना तारका दाखवली तेव्हा त्या कागद उजेडाकडे धरून बराच वेळ बघत राहिल्या, मग म्हणाल्या, “म्हणजे ही जाहिरात आहे होय!” तेव्हापासून त्यांच्या घरी आलेली प्रत्येक यादी त्या आधी तारका मोजून मग टाकतात.

आता वेळेचा मुद्दा. माझ्या दृष्टीने सगळ्यात मोलाचा हाच.

२०२० मध्ये आमच्या पत्रिका ३ फेब्रुवारीपासून रवाना झाल्या. त्याच दिवशी आयोवात पहिली फेरी होती. कॅलिफोर्नियाचं मतदान ३ मार्चला. या महिनाभरात सगळं चित्र बदललं. २९ फेब्रुवारीला साउथ कॅरोलायनात जो बायडन मोठ्या फरकाने जिंकले. त्याच रात्री टॉम स्टायर बाहेर पडले, १ मार्चला पीट बुटिजेज, २ मार्चला एमी क्लोबुचर. ज्यांनी फेब्रुवारीत उत्साहाने पाकीट पाठवलं होतं त्यांचं मत मैदानात नसलेल्या उमेदवाराला गेलं. कॅलिफोर्नियात एकदा पोचलेलं मत परत घेता येत नाही. माझी एक मैत्रीण बुटिजेज यांची कट्टर समर्थक, तिने पत्रिका आली त्याच आठवड्यात पाठवली होती. १ मार्चला संध्याकाळी ती फार हळहळली.

म्हणून माझा सल्ला: नोव्हेंबरचं मत खुशाल लवकर द्या. अध्यक्षीय प्रायमरीचं मत, जर खरी चुरस असेल तर, शेवटच्या दोन दिवसांपर्यंत भरून ठेवू नका. पत्रिकेचा बाकी सगळा भाग भरा, अध्यक्षपदाचा रकाना मोकळा ठेवा. मतदानाच्या आदल्या दिवशी किंवा त्या दिवशी तो भरून पाकीट पेटीत टाका. घरपोच पत्रिकेचा हाच तर फायदा आहे, एक महिना विचार करायला मिळतो. तो पहिल्या दिवशीच संपवू नये.

आणि मोजणी कशी होते हे माहीत असू द्या, कारण त्यावर मत ठरू शकतं. डेमोक्रॅटिक पक्षात प्रतिनिधी (डेलिगेट, म्हणजे पक्षाच्या अधिवेशनात अध्यक्षपदाचा उमेदवार ठरवणारी माणसं) मतांच्या प्रमाणात वाटले जातात, पण राज्यात किंवा मतदारसंघात १५ टक्क्यांच्या खाली राहिलेल्याला तिथे काहीच मिळत नाही. २०२० ला कॅलिफोर्नियाचे ४१५ प्रतिनिधी होते. माझ्या मनात वॉरन होत्या आणि त्या १५ च्या आसपास घुटमळत होत्या. बायडन किंवा बर्नी सँडर्स यांना मत दिलं तर ते नक्की मोजलं जाईल, हे मला कळत होतं. नवरा म्हणाला, “मग उगाच धोका कशाला?” मी म्हटलं, नोव्हेंबरमध्ये तडजोड करावी लागेलच, मार्चमध्ये कशाला करू? मी वॉरनना मत दिलं. सँडर्स पहिले आले, बायडन दुसरे. वॉरन राज्यभरात १५ टक्क्यांच्या खाली राहिल्या, पण काही मतदारसंघांत त्यांनी ती रेषा ओलांडली आणि तिथून थोडे प्रतिनिधी त्यांच्या पदरात पडले. ५ मार्चला त्यांनी माघार घेतली. माझं मत वाया गेलं असं मला तेव्हा वाटलं नाही, आजही वाटत नाही. पक्षाने पुढे काय बोलायचं, कुठले मुद्दे उचलायचे, हे हरलेल्यांना किती मतं पडली यावरूनही ठरतं.

रिपब्लिकन पक्षाचा हिशेब वेगळा. २०२४ साठी कॅलिफोर्नियाच्या पक्षशाखेने नियम केला की निम्म्याहून जास्त मतं मिळवणाऱ्याला राज्याचे सगळेच्या सगळे १६९ प्रतिनिधी. ५ मार्चला डोनाल्ड ट्रम्प यांनी ते सहज मिळवले. नवऱ्याने निकी हेली यांना मत दिलं होतं, दुसऱ्या दिवशी त्यांनी मोहीम थांबवली. निकाल आधीच दिसत असतानाही तो पेटीपर्यंत गेला, याचा मला अभिमान आहे.

निकाल दिसत असला तरी पत्रिका भरा, याला आणखी एक कारण आहे. पत्रिकेवर अध्यक्षपद हा एकच रकाना असतो, खाली बाकी सगळं असतं. त्याच ५ मार्च २०२४ ला आमच्या बे एरियात १६ व्या काँग्रेस मतदारसंघात ॲना एशू यांच्या रिकाम्या होणाऱ्या जागेसाठी प्रायमरी झाली. तिथला नियम असा की पक्ष कुठलाही असो, पहिले दोघे नोव्हेंबरला जातात. सॅम लिकार्डो पहिले आले. दुसऱ्या जागेसाठी इव्हान लो आणि जो सिमिटियन या दोघांनाही पडली ३०,२४९ मतं. एकही कमी नाही, जास्त नाही. नियमाप्रमाणे तिघेही पुढे जाणार होते, पण फेरमोजणी झाली आणि लो पाच मतांनी पुढे निघाले. सिमिटियन यांची मोहीम तिथे संपली. आमच्या मराठी मंडळाच्या एका कार्यक्रमाला जेवढी माणसं येतात त्यातल्या एका टेबलावर पाचांहून जास्त बसतात. त्या मतदारसंघात आपली किती घरं आहेत, आणि त्यातली किती पाकिटं न उघडता राहिली असतील, हा विचार तेव्हा माझ्या मनातून हलत नव्हता.

एक विषय निघतोच म्हणून सांगते. आपल्या बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०१८ साली मिशिगनच्या राज्यपालपदाच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत उभे होते, ग्रेचेन व्हिटमर यांच्याकडून हरले, आणि २०२२ मध्ये प्रतिनिधिगृहात निवडून आले. राष्ट्राध्यक्ष मात्र जन्माने नागरिक असलेल्यालाच होता येतं, त्यामुळे अध्यक्षीय पत्रिकेवर ते नाव दिसायचं नाही. इथे जन्मलेल्या आपल्या मुलांचं दिसू शकतं.

एकूण टपाली मतदानाच्या सोयीला पाच, मतदान केंद्रावरच्या माणसांना पाच, पक्षाबाहेरच्या मतदारांसाठीच्या नियमाला दोन. पुढची अध्यक्षीय प्रायमरी २०२८ च्या मार्चमध्ये. काकूंनी आपली नोंद बदललेली नाही, पक्ष लिहायचा नाही यावर त्या ठाम आहेत. पोस्टकार्ड आलं की तुला फोन करते, असं त्यांनी मला सांगून ठेवलं आहे, आणि टपाल बघायचं काम आता नातवाकडे दिलं आहे.